वर्ड्सवर्थ खरंच एकटा होता का?

मुलांनो, परीक्षेच्या पेपरातला सगळ्यांत गोड शब्द कोणता? माझ्या मते 'रसग्रहण'! रस ग्रहण करायचा, म्हणजे पिकला आंबा चोखावा तशी कविता चाखायची. पण हा शब्द दिसला की तुमची तोंडं आंबट होतात. कारण तुम्हाला ठाऊक असतं, की आता गाईड उघडायचं आणि पाठ करायचं. शीर्षक, कवी, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. दहावीला इंग्रजी कवितेच्या रसग्रहणासाठी साधारण हेच मुद्दे असतात. मुद्दे वाईट नाहीत हं! आंबा हापूस की पायरी, हे समजायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलात तर आंबा टोपलीतच राहिला की!

आणि गाईडातली ती ठरावीक वाक्यं! 'कवीचे निसर्गावर नितांत प्रेम आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.' ही वाक्यं कुठल्याही कवितेखाली लिहा, खपून जातात. जे वाक्य सगळ्याच कवितांना चालतं, ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही.

मग करायचं काय? आज आपण जुन्या इंग्रजी साहित्यातली एक कविता आणि एक नाटक घेऊ या, आणि दोघांना फक्त दोनच प्रश्न विचारू या. पहिला प्रश्न, हे बोलतंय कोण? आणि दुसरा, लिहिणाऱ्याने काय गाळलंय? दुसरा प्रश्न जरा विचित्र वाटेल. जे लिहिलंच नाही ते शोधायचं कसं? पण शोधता येतं. बघा तर खरं.

कविता घेऊ विल्यम वर्ड्सवर्थची 'डॅफोडिल्स'. तुमच्या आईबाबांनीच काय, आजोबांनीही ती शाळेत पाठ केली असेल. विचारून बघा, निदान पहिली ओळ तरी म्हणून दाखवतील. गंमत म्हणजे कवीने या कवितेला असं नाव दिलंच नव्हतं. तिला शीर्षकच नव्हतं. 'डॅफोडिल्स' हे नाव लोकांनी लाडाने पाडलेलं.

डॅफोडिल हे फूल आपल्याकडे सहसा बघायला मिळत नाही. कांद्यासारख्या कंदातून ते उगवतं. पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध कर्ण्यासारखी नळी. आपल्याला ठाऊक असलेला नर्गिस त्याचाच भाऊबंद. इंग्लंडमध्ये थंडी सरता सरता, मार्च-एप्रिलमध्ये, ही रानफुलं उमलतात. चार-पाच महिने करडं आभाळ बघून कंटाळलेल्या माणसाला एकदम एवढा पिवळाधमक रंग दिसला की काय वाटत असेल, ते लक्षात घेऊन कविता वाचा.

कवितेत घडतं एवढंच. कवी एकटाच भटकतोय, डोंगरदऱ्यांवरून जाणाऱ्या एखाद्या ढगासारखा. अचानक तळ्याकाठी त्याला असंख्य डॅफोडिल्स दिसतात. त्याला ताऱ्यांची आठवण होते. तळ्याच्या लाटाही नाचताहेत, पण फुलांपुढे त्या फिक्या. तो बघत राहतो. पुढे कधीतरी घरी कोचावर निवांत पडलेला असताना ती फुलं त्याच्या मनासमोर पुन्हा उभी राहतात. झालं! सहा-सहा ओळींची चार कडवी, एकूण चोवीस ओळी.

आता विचारू पहिला प्रश्न. बोलतंय कोण? एक एकटा माणूस. तो एकटा आहे हे तर तो पहिल्याच ओळीत सांगून टाकतो.

आणि इथेच खरी गंमत आहे. त्या दिवशी वर्ड्सवर्थ एकटा नव्हताच!

हे कशावरून? तर त्याच्याबरोबर त्याची बहीण होती, डोरोथी, आणि तिला रोजनिशी लिहायची सवय होती. तारीख १५ एप्रिल १८०२, वार गुरुवार. विल्यम बत्तीस वर्षांचा, डोरोथी तीस वर्षांची. इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगर आणि तळ्यांचा मुलूख आहे, तिथल्या ग्रासमिअर गावात ही दोघं भावंडं राहत. एका स्नेह्यांच्या घरून ती पायी परतत होती. वाट अल्सवॉटर नावाच्या लांबलचक तळ्याच्या काठाने जाणारी. वारा तर असा सुटलेला, की चालणं मुश्किल. गोबॅरो पार्कच्या रानापलीकडे पाण्याजवळ त्यांना आधी दोन-चारच फुलं दिसली. डोरोथीला वाटलं, तळ्यानेच बिया वाहून आणून काठावर टाकल्या असतील. पुढे गेले तर आणखी फुलं, आणखी फुलं, आणि मग काठाने एक लांबच लांब पट्टा, चांगला गाडीरस्त्याएवढा रुंद!

तिने पुढे जे टिपलंय ते मला फार आवडतं. काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकून पडली होती, जशी आपण उशीवर टेकतो. बाकीची वाऱ्याशी खेळत डोलत होती, नाचत होती, जणू हसत होती. मुख्य घोळक्यापासून लांब, वरच्या बाजूला, चुकार पोरांसारखी थोडी फुलं वेगळीच उभी होती. मग पाऊस आला. दोघं चिंब भिजली. रात्री एका खानावळीत उतरून त्यांनी गरम गरम जेवण घेतलं, तेही तिने लिहून ठेवलंय.

कविता लिहिली गेली त्यानंतर दोनेक वर्षांनी, १८०४ च्या सुमारास. छापून आली १८०७ मध्ये. म्हणजे फुलं बघितली आणि घरी येऊन लगेच कविता लिहिली, असं झालेलं नाही. आता रोजनिशी एका हातात आणि कविता दुसऱ्या हातात धरा. कवीने काय गाळलं? बहीण गाळली. वादळी वारा गाळला, त्याच्या जागी मंद झुळूक आणली. पाऊस गाळला. दमून दगडावर टेकलेली फुलं गाळली. कवितेतलं एकही फूल दमलेलं नाही.

मग वर्ड्सवर्थ खोटं बोलला का?

वर्गात हा प्रश्न टाकला तर दोन तट पडतील, आणि पडावेतच. एक तट म्हणेल, हो, खोटं बोलला! बहिणीने बघितलं, बहिणीने टिपलं, आणि नाव झालं भावाचं. दुसरा तट म्हणेल, कविता म्हणजे काही पंचनामा नव्हे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण निकाल देण्याआधी कवितेत जरा खोल उतरू या.

व्याकरणाचा तास आठवा. पहिली तीन कडवी भूतकाळात आहेत. भटकलो, पाहिलं, बघत राहिलो. चौथं कडवं मात्र वर्तमानकाळात आहे. आता कोचावर पडलो की फुलं दिसतात. म्हणजे कवितेतली खरी घटना तळ्याकाठी घडतच नाही. ती घडते घरी, कोचावर! कविता फुलांची कमी आणि आठवणीची जास्त आहे. पाहिलेली एखादी गोष्ट आपल्या आत कशी साठते आणि आपण रिकामे बसलो असताना कशी अवचित परत येते, हे त्याला सांगायचंय. आता कळलं एकटेपण कशाला हवं होतं ते? सुरुवातीचं एकटेपण उगाच भरकटणाऱ्या ढगाचं. शेवटचंही एकटेपणच, पण भरलेलं, आनंदाचं. मध्ये डोरोथी बोलत-चालत असती तर हा प्रवास दिसलाच नसता. आठवण ज्याची त्यालाच येते ना? दोघं मिळून एक आठवण बघता येत नाही.

आणखी एक गोष्ट पेन्सिल घेऊन तपासा. 'नाच' हा शब्द कुठे कुठे येतो त्याखाली रेघ मारा. चारही कडव्यांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात सापडेल. पहिल्या तीन कडव्यांत नाचतात फुलं आणि लाटा. आणि शेवटच्या कडव्यात? शेवटच्या कडव्यात कवीचं मन नाचतं. म्हणजे फुलांचा नाच त्याला लागला, जसा एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला लागते तसा! गाईडमध्ये याला नुसतं 'चेतनगुणोक्ती अलंकार' म्हणून सोडून देतात. अलंकार आहेच, पण तो तिथे कशासाठी आहे ते हे.

कवीने हे एका झटक्यात साधलेलं नाही बरं का. १८०७ च्या छापील कवितेत तीनच कडवी होती. ताऱ्यांचं कडवं त्याने १८१५ च्या आवृत्तीत घातलं. पहिल्या कडव्यात फुलांना आधी 'नाचणारी' म्हटलं होतं, तिथे त्याने 'सोनेरी' असा शब्द बदलला. का बदलला असेल? त्या कडव्यात 'नाच' दोनदा येत होता, हे एक कारण दिसतं. पण दुसरंही बघा. तिसऱ्या कडव्यात कवी म्हणतो, की या देखाव्याने मला केवढी संपत्ती दिली ते तेव्हा कळलंच नाही. संपत्तीची गोष्ट पुढे येणार, म्हणून सोनं आधीच पेरून ठेवलं! निबंधाची दुसरी प्रत काढायला सांगितली की कुरकुरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की छापून झाल्यावर आठ वर्षांनी वर्ड्सवर्थ शब्द बदलत बसला होता.

अजून एक धागा आहे. फुलं एकांतात मनाच्या डोळ्यांपुढे चमकून जातात, असं सांगणाऱ्या शेवटच्या कडव्यातल्या दोन ओळी त्याच्या नव्हेत, त्या त्याच्या बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. हे वर्ड्सवर्थने स्वतःच सांगितलंय, आणि त्याच दोन ओळी कवितेत सर्वांत चांगल्या आहेत, असंही त्याचं मत होतं. म्हणजे बघा! डोळे बहिणीचे, दोन ओळी बायकोच्या, आणि कवितेत माणूस एकच, तोही एकटा!

डोरोथीला याचं वाईट वाटलं का? तसं ती कुठे म्हणत नाही. उलट रोजनिशी सुरू करतानाच तिने लिहिलंय, की ही वाचून विल्यमला आनंद होईल म्हणून लिहिते. लेखिका म्हणून मिरवण्याची कल्पनाच तिला नकोशी होती. तिचं निधन १८५५ मध्ये झालं आणि तिच्या रोजनिश्यांचं भरघोस पुस्तक निघालं ते १८९७ मध्ये. मला विचाराल तर कविता खोटी नाही. पण दगडावर डोकं टेकलेली ती दमलेली फुलं कवितेत नाहीत याची मला अजूनही चुटपुट लागते. तुम्ही 'डॅफोडिल्स'चं रसग्रहण लिहाल तेव्हा एक वाक्य डोरोथीसाठी लिहा. मार्क कापले जाणार नाहीत, उलट तपासणाऱ्या बाईंची झोप उडेल!

आता नाटकाकडे वळू. कवितेत बोलणारा एकच असतो. नाटकात सगळेच बोलतात आणि लेखक गप्प बसतो. त्यामुळे 'बोलतंय कोण' हा प्रश्न इथे जास्तच महत्त्वाचा.

शेक्सपिअरचं 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' १५९६-९७ च्या सुमारास लिहिलं गेलं, १६०० मध्ये छापलं गेलं. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. व्हेनिसचा व्यापारी अँटोनिओ मित्रासाठी शायलॉक या ज्यू सावकाराकडून तीन महिन्यांच्या बोलीने तीन हजार डुकाट कर्ज काढतो. अट अशी, की मुदतीत पैसे आले नाहीत तर सावकार अँटोनिओच्या अंगातलं एक पौंड मांस कापून घेणार. जहाजं बुडाल्याच्या बातम्या येतात, मुदत टळते, आणि कोर्टात सुऱ्या पाजळल्या जातात. पोर्शिया नावाची हुशार तरुणी पुरुष वकिलाच्या वेशात येते आणि म्हणते, मांस घे, पण करारात रक्ताचा उल्लेख नाही, एक थेंबही सांडता कामा नये. शायलॉक हरतो. टाळ्या!

(जाता जाता, शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बायका काम करत नसत. पोर्शियाचं काम मिसरूड न फुटलेला मुलगाच करी. म्हणजे मुलगा बाई झालेला आणि ती बाई पुरुष झालेली! बालगंधर्वांची स्त्रीपात्रं पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये.)

शाळेच्या गॅदरिंगमध्ये बहुधा हा कोर्टाचा प्रवेशच करतात. शायलॉक झालेल्या मुलाला दाढी लावतात, डोळे वटारायला सांगतात, आणि तो हरला की सगळा हॉल हसतो. एवढंच बघितलं तर गोष्ट सरळ आहे. दुष्ट सावकार, हुशार वकील. पण गॅदरिंगवाल्यांनी काय गाळलं?

अख्ख्या नाटकात वीस प्रवेश आहेत. त्यांतल्या फक्त पाचांत शायलॉक रंगमंचावर असतो. ते पाचही वाचा. पहिल्याच भेटीत तो अँटोनिओला आठवण करून देतो, की तू भर बाजारात मला कुत्रा म्हणालास, माझ्या अंगावर थुंकलास. त्यावर अँटोनिओ माफी मागतो का? छे! पुन्हा थुंकेन, असं म्हणतो. हा आपला सज्जन नायक! पुढे शायलॉकची मुलगी जेसिका अँटोनिओच्या मित्रमंडळींपैकी लोरेंझो याच्याबरोबर पळून जाते, जाताना बापाचे पैसे आणि दागिने घेऊन जाते. बापाला कळतं, की पोरीने त्यातली एक अंगठी देऊन चक्क माकड विकत घेतलं. ती अंगठी त्याला लेआने, लग्नाआधी, दिलेली असते. नाटकभर पैशांचा हिशेब करणारा हा माणूस त्या एका अंगठीची किंमत पैशांत सांगत नाही.

याच प्रवेशात त्याचं ते प्रसिद्ध भाषण येतं. आशय असा, की ज्यू झाला म्हणून त्याचं शरीर निराळं नसतं. इतरांसारखीच त्यालाही जखम होते, भूक लागते, हसू येतं. हे भाषण अनेक पुस्तकांत माणुसकीचा धडा म्हणून छापतात. पण नीट वाचा. शायलॉक तिथे थांबत नाही. सगळ्या बाबतींत आपण सारखे आहोत तर सूड घेण्यातही सारखेच, आणि सूड घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत, इथपर्यंत तो जातो. म्हणजे भाषण एकाच वेळी न्याय मागणारंही आहे आणि सुरीला धार लावणारंही! अर्धं भाषण कापून घेतलं की शायलॉक संत होतो, फक्त कोर्टाचा प्रवेश घेतला की राक्षस होतो. शेक्सपिअरचा शायलॉक दोन्ही नाही, म्हणून तो चारशे वर्षं टिकला.

आणि कोर्टात? पोर्शियाचं दयेवरचं भाषण तुमच्यापैकी काहींना पाठही असेल. दया सक्तीने होत नाही, ती करणाऱ्याचं आणि ज्याच्यावर होते त्याचं, दोघांचंही भलं करते, असा त्याचा आशय. सुंदर भाषण आहे, यात शंकाच नाही. पण पुढची दोन पानं उलटा. हरलेल्या शायलॉकच्या मालमत्तेची वाटणी होते आणि त्याला ख्रिस्ती होण्याची सक्ती केली जाते. ती अट घालतो अँटोनिओ. नुकतंच दयेचं व्याख्यान देणारी पोर्शिया त्याला हरकत घेत नाही. शायलॉक बरं वाटत नाही म्हणून निघून जातो आणि पुढच्या अंकात त्याचं दर्शनही नाही. तिथे चांदणं आहे, गाणं आहे, अंगठ्यांवरून थट्टामस्करी आहे. तुम्हाला त्या चांदण्यात करमतं का बघा. मला करमत नाही.

मग शेक्सपिअर कोणाच्या बाजूचा? इतिहास थोडा मदत करतो. राजा पहिला एडवर्ड याने १२९० मध्येच ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं होतं. नाटक बघायला येणाऱ्या बहुतेक लंडनकरांना ज्यू म्हणजे ऐकीव गोष्टींतला खलपुरुष. १६०० च्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावरच शायलॉकच्या क्रौर्याची जाहिरात आहे. आणि व्याज घेणं हे काय फक्त ज्यूंचं काम होतं? शेक्सपिअरच्या स्वतःच्या वडिलांवर, जॉन शेक्सपिअरवर, १५७० मध्ये बेकायदा व्याज घेतल्याचा आरोप झाला होता! शेक्सपिअरने प्रेक्षकांना हवा तो खलपुरुष दिला, हे खरंच. पण त्या खलपुरुषाच्या तोंडी अशी वाक्यं घातली, की ती ऐकल्यावर निर्धास्तपणे हसणं अवघड व्हावं.

नाटकाचं रसग्रहण पुस्तकात पुरं होत नाही, कारण नट बदलला की अर्थ बदलतो. जुन्या नाटकमंडळ्यांत शायलॉक लाल टोप घालून हशा पिकवायचा. २६ जानेवारी १८१४ ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात एडमंड कीन हा फारसा कोणाला माहीत नसलेला नट काळा टोप घालून आला आणि जळता, दुखावलेला शायलॉक उभा करून एका रात्रीत प्रसिद्ध झाला. १८७९ मध्ये हेन्री आयर्व्हिंगने तर त्याला मानी, अन्याय झालेला म्हातारा केलं. शब्द सगळे शेक्सपिअरचेच! पुढच्या गॅदरिंगला तुमच्या वाट्याला शायलॉक आला तर डोळे वटारण्याआधी अंगठीचा प्रवेश एकदा वाचा.

मूळ इंग्रजी फारच जड जातं, ही तक्रार खरी आहे. चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे ती, ज्ञानेश्वरी उघडल्यावर आपल्यालाही अडखळायला होतंच की. म्हणून आधी गोष्टरूप वाचायला हरकत नाही. त्यासाठी घरोघरी असतं ते लँब भावंडांचं 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर'. हे पुस्तकही १८०७ चंच, वर्ड्सवर्थची फुलं छापली गेली त्याच वर्षाचं! यातल्या वीस गोष्टींपैकी चौदा बहिणीने, मेरी लँबने, लिहिल्या आणि सहा भावाने, चार्ल्सने. पण पहिल्या आवृत्तीवर नाव होतं फक्त चार्ल्सचं. पुन्हा एक बहीण गाळली गेली!

त्या पुस्तकातली व्हेनिसची गोष्ट मेरीची. लहानांसाठी ती सुटसुटीत केली आहे. ती वाचा, आणि मग मूळ नाटकाशी ताडून बघा. अंगठीचा प्रसंग त्यात नाही. ते शरीराचं आणि सुडाचं भाषणही नाही. जेसिकाने दागिने नेल्याचाही पत्ता नाही, तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं एवढंच कळतं. गोष्ट तीच राहिली, पण शायलॉक आतून रिकामा झाला. पालकांनो, मुलांच्या हातात संक्षिप्त आवृत्ती जरूर द्या, पण एखादा मूळ प्रवेश शेजारी बसून मोठ्याने वाचा. अर्थ निम्मा कळला तरी चालेल, आवाज तर कानावर पडेल. मराठीतून शेक्सपिअरकडे जायचं असेल तर आपल्याकडे वाट जुनी आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते १८८३ मध्ये, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' मोठ्या मुलांनी वाचावाच.

आता तुमच्यासाठी एक काम. हे गाईडमध्ये सापडणार नाही. पर्सी शेली आणि होरेस स्मिथ हे दोघे मित्र. इजिप्तच्या ऑझिमंडियस राजाचा भग्न पुतळा हा एकच विषय घेऊन, पैज लावल्यासारखी, दोघांनी एकेक चौदा ओळींची कविता लिहिली. शेलीची 'एक्झॅमिनर' या लंडनच्या साप्ताहिकात जानेवारी १८१८ मध्ये छापून आली, स्मिथची त्याच साप्ताहिकात फेब्रुवारीत. शेली इजिप्तला कधी गेलाच नव्हता. त्याची कविता जगभर पसरली, स्मिथची मागे पडली.

दोन्ही मिळवा आणि वहीत शेजारी शेजारी उतरवून घ्या. शेलीच्या चौदा ओळींत किती जण बोलतात ते मोजा. एक ऐकणारा, एक प्रवासी, चौथऱ्यावरून बोलणारा राजा, आणि एक शब्दही न बोलता आपलं म्हणणं दगडात कोरून गेलेला शिल्पकार! स्मिथच्या कवितेच्या शेवटी एक शिकारी येतो, तो उजाड झालेल्या लंडनमधून लांडग्यामागे धावतो आणि एका प्रचंड भग्न अवशेषापाशी थबकतो. म्हणजे स्मिथने लंडनकरांना सरळच सांगून टाकलं, की उद्या तुमचंही असंच होईल. शेलीने लंडनचं नावही घेतलं नाही. ते त्याने का गाळलं असेल? तुमचं उत्तर दहा ओळींत लिहा आणि बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. आणि हो, त्यात 'भाषा साधी, सोपी व ओघवती' हे शब्द दिसता कामा नयेत!